चषक पुरे, हंगाम हवा

दर चार वर्षांनी फुटबॉलचा विश्वचषक आला, की नेदरलँड्समधल्या यच्चयावत मराठी घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं. केशरी टी-शर्ट घातलेला कुणीतरी वेफर्सची बशी बाजूला ठेवतो, सुस्कारा टाकतो आणि म्हणतो, "एकशे चाळीस कोटी लोक, आणि अकरा जण सापडत नाहीत!" बाकीचे माना डोलावतात. मग कुणी क्रिकेटच्या नावानं खडे फोडतो, कुणी राजकारण्यांच्या, कुणी आपल्या वरणभाताच्या. दहा मिनिटांत प्रश्न निकालात निघतो आणि मंडळी पुन्हा सामन्याकडे वळतात.

मंडळी, मला या वाक्याचा मनापासून राग येतो. त्यात माहिती खरी आहे, विचार मात्र काडीचा नाही. लोकसंख्येनं फुटबॉल खेळता आला असता तर आइसलँड २०१८ च्या विश्वचषकात दिसलाच नसता. साडेतीन लाखांच्या आसपास वस्तीचं ते बेट. त्याआधी २०१६ च्या युरो स्पर्धेत त्यांनी इंग्लंडला २-१ असं घरी पाठवलं होतं.

ताजं उदाहरण तर आपल्या अंगणातलं आहे. १८ नोव्हेंबर २०२५ या एकाच तारखेला दोन सामने झाले. किंग्स्टनमध्ये क्युरासाओने जमैकाला ०-० असं रोखलं आणि २०२६ च्या विश्वचषकाचं तिकीट मिळवलं. क्युरासाओ म्हणजे नेदरलँड्सच्याच राजसत्तेखालचं, कॅरिबियन समुद्रातलं, जेमतेम दीड लाख वस्तीचं बेट. विश्वचषकासाठी पात्र ठरलेला इतका छोटा देश आजवर झाला नव्हता. त्याच दिवशी ढाक्यात बांगलादेशाने भारताला १-० हरवलं, आणि त्या महिन्याच्या जागतिक क्रमवारीत आपण १४२ व्या स्थानावर घसरलो. २०२३ मध्ये हाच संघ ९९ व्या स्थानापर्यंत चढला होता. आशियाई चषकाची दारं तर आधीच्या महिन्यातच बंद झाली होती. १४ ऑक्टोबरला मडगावात आपल्याला २-१ असं हरवून ती बंद करणारा सिंगापूर, तोही एक बेटच!

आता कुणी हुशार वाचक म्हणेल, "अहो, पण क्युरासाओचे बहुतेक खेळाडू नेदरलँड्समध्येच जन्मले आणि वाढले. मग आपणही परदेशातल्या ओसीआयवाल्यांना खेळू द्यावं." आपल्याकडे भारतीय पासपोर्ट नसलेल्याला राष्ट्रीय संघात घेत नाहीत हे खरं. तो नियम बदलावा की नाही यावर वाद घालता येईल. पण जरा मागे जाऊन बघा. हे खेळाडू नेदरलँड्समध्ये वाढले म्हणजे नेमकं काय झालं? त्यांना इथल्या पाण्यात काही मिळालं का? त्यांना मिळालं एक साधं वेळापत्रक. सहाव्या-सातव्या वर्षापासून, सप्टेंबर ते मे, दर शनिवारी सकाळी एक सामना. आज हरलात तरी पुढच्या शनिवारी आहेच.

या वेळापत्रकाला हंगाम म्हणतात. आपल्याकडे स्पर्धा आहेत, चषक आहेत, ढाली आहेत, फ्लेक्स आहेत. हंगाम नाही. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी माझ्या कोल्हापूरच्या उदाहरणावरून मांडणार आहे. मुद्दाम कोल्हापूर, कारण क्रिकेटमुळे फुटबॉल मेला, लोकांना आवड नाही, पैसा नाही, या सगळ्या सबबी तिथे पहिल्याच फटक्यात बाद होतात.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. कोल्हापुरात फुटबॉल पेठांचा आहे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही आधी तालमींची नावं, मग फुटबॉल संघांची. प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ, संध्यामठ, फुलेवाडी हीही अशीच घराघरांत माहीत असलेली नावं. तांबड्या मातीत शड्डू ठोकणाऱ्यांच्या नातवंडांनी बूट चढवले आणि पेठेची ईर्ष्या आखाड्यातून मैदानात आणली. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे आपलं केएसए, १९४० सालचं. छत्रपती घराण्याचा आश्रय तेव्हापासून आजतागायत. थंडीत वरिष्ठ गटाची सोळा संघांची साखळी सुरू होते, ती संपली की सतेज चषक, अटल चषक, चंद्रकांत चषक अशा नावांच्या स्पर्धा वेगवेगळ्या वर्षी होत आल्या आहेत, आणि वळवाचे ढग दिसेपर्यंत शाहू स्टेडियम गजबजलेलं असतं. भर उन्हात तिकीट काढून माणसं बसतात. पाटाकडील-दिलबहार सामना असला की दुकानांची शटरं लवकर खाली येतात. भारतातल्या किती शहरांना हे भाग्य आहे?

आणि तरीही, या एवढ्या वेडातून देशाच्या संघापर्यंत किती पोरं पोहोचली? अनिकेत जाधवचं नाव आपण सगळे अभिमानानं घेतो. रिक्षाचालकाचा मुलगा, २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. पण त्याला घडायला कोल्हापूर सोडून पुण्याला जावं लागलं, हे आपण अभिमानाच्या भरात विसरतो. पेठेनं त्याला वेड दिलं. बाकीचं शिक्षण दुसऱ्या गावानं दिलं. आणखी चार-दोन नावं घेता येतील, पण त्यांची वाट थोड्याफार फरकानं अशीच. शंभर वर्षांच्या आसपासची परंपरा सांगणाऱ्या "फुटबॉल पंढरी"ला हे शोभतं का?

माझ्या मावसभावाचा मुलगा मंगळवार पेठेत राहतो. बारा वर्षांचा आहे, डाव्या पायानं असा चेंडू मारतो की बघत राहावं. त्याचं गेल्या वर्षीचं अधिकृत फुटबॉल सांगतो. आंतरशालेय स्पर्धेत पहिला सामना जिंकले. दुसरा सामना पेनल्टीवर हरले. संपलं! दोन सामन्यांत वर्ष संपलं. उरलेले पन्नास आठवडे गल्लीत, गाड्यांच्या मधून, आणि हंगाम सुरू झाला की बापाच्या शेजारी शाहू स्टेडियमच्या गॅलरीत. तो उत्तम प्रेक्षक होतो आहे. पाटाकडीलच्या सगळ्या खेळाडूंची नावं त्याला पाठ आहेत.

इथे फेल्डहोवनमध्ये माझा मुलगा त्याच्या वयोगटातल्या शेवटून दुसऱ्या संघात खेळत असे. शेवटून दुसऱ्या! त्याच्या पायात काही विशेष नाही, हे त्याचा बाप या नात्यानं मी छातीठोकपणे सांगू शकतो. पण त्याला एका वर्षात विसेक सामने मिळायचे, आपल्याच ताकदीच्या पोरांशी, गणवेशात, गवतावर, ठरलेल्या वेळी. म्हणजे डाव्या पायाच्या गुणी पोराला दोन आणि माझ्या ढ पोराला वीस. दहा वर्षं हेच चाललं तर वीस सामने आणि दोनशे सामने. आता सांगा, अकरा जण का सापडत नाहीत?

इथली व्यवस्था आपण रोज बघतो, म्हणून ती आपल्याला दिसत नाही. फेल्डहोवन हे पन्नास हजारांच्याही आतलं गाव. त्यात यूएनए, आरकेव्हीव्हीओ, रोड-विट, मार्विल्डे असे क्लब आहेत. आरकेव्हीव्हीओमधलं "आरके" म्हणजे रोमन कॅथलिक. इथले बरेचसे क्लब चर्चच्या आणि मोहल्ल्याच्या आसऱ्यानं जन्मले, जसे आपले तालमीच्या. प्रोटेस्टंट शनिवारी खेळायचे कारण रविवार देवाचा, आणि दक्षिणेकडचे कॅथलिक चर्च उरकून रविवारी. शेजारच्या आइंडहोवनचा पीएसव्ही १९१३ मध्ये फिलिप्सच्या कामगारांसाठी निघाला. म्हणजे मुळात यांच्याकडेही पेठाच होत्या, ईर्ष्याही होत्या. फरक पुढे पडला. त्यांनी ईर्ष्येच्या खाली पायऱ्या बांधल्या. केएनव्हीबीच्या छत्राखाली तीनेक हजार क्लब आहेत. सर्वोच्च एरेडिव्हिजीपासून गावच्या पाचव्या श्रेणीपर्यंत एक सलग जिना आहे. लहान मुलं सहा-सहाच्या संघात छोट्या मैदानावर खेळतात, मग आठ-आठच्या, आणि नंतर अकरांच्या. चिमुरड्यांच्या सामन्याला शिट्टीवाला पंच नसतो, एखादा पालक खेळ सांभाळतो. गुणतक्ता कुणी भिंतीवर लावत नाही. एखादा संघ फार जिंकायला लागला तर हंगामाच्या मध्यात त्याला वरच्या गटात टाकतात, सतत मार खाणाऱ्याला खालच्या. हेतू एकच, सामना चुरशीचा व्हावा. मैदान बहुधा खेमेंतेच्या मालकीचं, आणि ते खेळाचंच राहतं. कान्टीनमध्ये कॉफी ओतायला आयांची-बापांची पाळी लागते. मीही ती ओतली आहे, आणि बिटरबॉलन तळताना बोटं भाजून घेतली आहेत.

यात कुठे प्रतिभा आहे? कुठे रॉकेट सायन्स आहे? हे सगळं वेळापत्रकाचं, पाळ्यांचं आणि सातत्याचं काम आहे. आणि आपण त्यातच मार खातो. फार लांब कशाला, देशाची सर्वोच्च इंडियन सुपर लीग घ्या. करारमदारांच्या घोळात २०२५ संपलं तरी तिचा नवा हंगाम सुरू झाला नव्हता. व्यावसायिक खेळाडू घरी बसून होते. वरच्या मजल्यावर ही तऱ्हा, तर तळमजल्याची काय कथा!

आता चषकांबद्दल बोलतो, कारण माझं खरं भांडण त्यांच्याशी आहे. आपल्याकडे फुटबॉलवर प्रेम म्हणजे चषक ठेवणं. नेत्याचा वाढदिवस, चषक. वडिलांची स्मृती, चषक. निवडणूक जवळ आली, मोठा चषक. लाखाच्या घरातली बक्षिसं, मालिकावीराला दुचाकी, उद्घाटनाला नटनट्या. मी कुणा एका नेत्याकडे बोट दाखवत नाही. हे पैसे त्यांनी खेळावर घातले, तमाशावर नाही, याचं मोल मला आहे. पण हा पैसा जातो कुठे, ते बघा. तो जातो तयार खेळाडूंकडे. चषक जिंकायचा म्हणून मंडळं बाहेरून खेळाडू आणतात, अगदी आफ्रिकेतूनही. आलेल्या पाहुण्यांशी माझं काही वैर नाही, ते आपलं पोट भरायला येतात, आपणही तेच करतो. पण फळं विकत आणायची आणि रोपांना पाणी घालायचं नाही, ही कुठली शेती?

मी पेशानं सॉफ्टवेअरवाला, तेव्हा थोडी आकडेमोड करू द्या. समजा सोळा संघ आहेत. बाद पद्धतीनं स्पर्धा घेतली तर एकूण सामने किती? पंधरा. आठ संघ, म्हणजे निम्मी मुलं, एक सामना खेळून घरी. विजेत्याला मिळतात चार. आता त्याच सोळा संघांची साखळी करा. एकूण सामने एकशे वीस, आणि प्रत्येक पोराच्या संघाला पंधरा. अगदी शेवटच्या क्रमांकालासुद्धा पंधरा! शालेय स्पर्धा आपल्याकडे बाद पद्धतीनंच होतात. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी ती गाळणी आहे. गाळणीतून गाळलं जातं, घडत काही नाही. वर पोहोचलेल्याला दहावी-बारावीचे वाढीव गुण मिळतात, म्हणून पालकांना फुटबॉलपेक्षा प्रमाणपत्राची ओढ जास्त.

"पण एवढे सामने घ्यायचे कुठे? मैदान कुठे आहे?" हा प्रश्न रास्त आहे. गांधी मैदानाचं पावसाळ्यात तळं होतं, कारण मुळात ते वरुणतीर्थ नावाचं तळंच होतं. बाकीच्या मैदानांवर सभा, प्रदर्शनं आणि चारचाकी गाड्या यांचा पहिला हक्क. तरीही हिशोब करा. बारा वर्षांखालील मुलं आठ-आठच्या संघात खेळली, तर एका पूर्ण मैदानाची दोन मैदानं होतात. फेरीचे आठ सामने, एकेकाला तासभर, म्हणजे चार तास. रविवारी सकाळी सात ते अकरा. दहा वर्षांखालील सहा-सहाच्या संघात खेळली, तर त्याच मैदानाची चार होतात, आणि त्यांचे आठ सामने शनिवारी सकाळी दोन तासांत उरकतात. अकरानंतर ऊन, सभा, प्रदर्शन, काय हवं ते करा. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेर पंधरा आठवडे बसतात. पाऊस नाही आणि वार्षिक परीक्षाही नाही. इथे तर अर्ध्या शनिवारी पहाटे फोनवर "अफखेलास्त" येतं, सामना रद्द. कोल्हापूरच्या हिवाळ्यासारखा निरभ्र हंगाम डच लोकांना मिळाला असता, तर त्यांनी देवाला अभिषेक घातला असता.

संघ बारा-बारा आणि नऊ-नऊ मुलांचे धरले, तर दोन्ही गट मिळून तीनशे छत्तीस मुलं. प्रत्येकाला पंधरा सामने. एकूण सामने दोनशे चाळीस, आणि लागलं काय? एक मैदान, आठवड्याला सहा तास, पांढरी फक्की, छोटे गोलपोस्ट आणि काही समंजस पालक. मुलीही याच संघांत खेळू द्या, इथे खेळतातच. एका मोठ्या चषकाच्या बक्षिसात, दुचाकीत आणि फ्लेक्समध्ये हे बसत नाही, असं कुणी मला कागदावर मांडून दाखवावं.

मधूनमधून चांगले प्रयत्न झाले आहेत, ते मी नाकारत नाही. अखिल भारतीय फुटबॉल महासंघानं २०१८ मध्ये "गोल्डन बेबी लीग" आणली. त्याआधी २०१७ च्या सप्टेंबरात महाराष्ट्रात एका दिवशी दहा लाख मुलांना फुटबॉल खेळायला लावण्याचा मोठा सोहळा झाला. एका दिवशी! आपला सगळा स्वभाव त्या एका दिवसात आला. दहा लाख मुलं एक दिवस खेळली, याऐवजी दहा हजार मुलं शंभर दिवस खेळली असती, तर आज ती मुलं विशीत असती, आणि ढाक्याला गेलेल्या संघात त्यांतली काही असती.

म्हणून माझी मागणी स्पष्ट आहे. वरिष्ठ गटात खेळायचं असेल, तर त्या मंडळानं दहा आणि बारा वर्षांखालील एकेक संघ पूर्ण हंगाम उतरवलाच पाहिजे, असा नियम करावा. मुलांचा संघ नाही, तर मोठ्यांची नोंदणी नाही. तालमीला हे जड नाही. पोरं तिच्या दारातच खेळत असतात, फक्त त्यांना वेळ आणि जागा ठरवून द्यायची आहे. याचा आणखी एक फायदा होईल. दरवर्षी कुठल्या ना कुठल्या सामन्यात दगड उडतात, पोलीस येतात, आणि खेळापेक्षा हुल्लडबाजीच्या बातम्या मोठ्या छापून येतात. आठव्या वर्षापासून वर्षातून एकदा समोरच्या तालमीच्या पोरांशी खेळलेला, सामन्यानंतर त्यांच्याबरोबर केळं खाल्लेला पोरगा विसाव्या वर्षी त्यांच्यावर दगड उचलताना दोनदा विचार करेल. ईर्ष्या राहू द्या, तिच्याशिवाय कोल्हापूर कसलं! पण समोरच्याचं नाव माहीत असलं की ईर्ष्या खेळातच राहते.

आता थोडं आपल्याकडे वळतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, हा इथे बसून तिकडच्यांना शहाणपण शिकवतोय. आपलं मंडळही काही वेगळं नाही. वर्षातून एकदा एका शनिवारी हॉल घेऊन आपण फुटसालची स्पर्धा ठेवतो. बाद पद्धतीनं. सकाळी नऊला मुलं येतात, साडेनऊपर्यंत निम्मी हरतात, आणि उरलेला दिवस वडापावच्या रांगेत काढतात. संध्याकाळी चषक, फोटो, स्मरणिकेत छायाचित्र. चषकाचा हा रोग आपण सामानात घालून सातासमुद्रापार आणला आहे.

तेव्हा कार्यकारिणीकडे दोन गोष्टी मागतो. पहिली, ही एक दिवसाची स्पर्धा बंद करून सहा रविवारांची छोटी साखळी करावी, ज्यात लिंबूटिंबू पोरालाही सहा सामने मिळतील. दुसरी, चषक आणि पारितोषिक वितरण यांतून वाचलेले युरो कोल्हापुरातल्या अशा एका बालगटाच्या हंगामाला द्यावेत. चेंडू, छोटे गोलपोस्ट, पंचांचं मानधन, केळी. अट एकच, मंडळाच्या नावाचा चषक ठेवायचा नाही, फ्लेक्स लावायचा नाही, कुणाचा सत्कार करायचा नाही. पैसे हप्त्यानं द्यायचे, पाच फेऱ्या झाल्या की पुढचा हप्ता. सॉफ्टवेअरच्या धंद्यात आम्ही असंच करतो. काम दिसल्याशिवाय बिल पास होत नाही.

हे केल्यानं भारत २०३० च्या विश्वचषकात जाणार नाही, हे मलाही कळतं. पण मंगळवार पेठेतल्या एका डावखुऱ्या पोराला वर्षात दोनाऐवजी पंधरा सामने मिळतील. एकशे चाळीस कोटींचा हिशोब तिथूनच सुरू होतो.

पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत विजेत्या संघाचा फोटो नाही छापला तरी चालेल. त्या पानावर पंधरा आठवड्यांचं वेळापत्रक छापा.

– फेल्डहोवन